आवाजाची वाटणी आणि दोषाचा शोध

गेल्या हिवाळ्यांत साताऱ्यास आमच्या विज्ञान-वर्गांतील मुलामुलींनीं एक लांकडी पेटी तयार केली. पेटींत एक मोठा स्पीकर व एक लहान स्पीकर, त्यांच्यामागें तांब्याच्या तारेच्या दोन कॉईल व दोन कपॅसिटर, आणि बाहेर तारा जोडण्याच्या दोन खुंट्या, एवढेंच काय तें सामान. ही पेटी सांगलीच्या एका शालेय मेळाव्यास न्यावयाची होती. मेळाव्यास चार दिवस उरले असतां प्रथमच ती वाजवून पाहिली. तों तिच्यांतून येणारा आवाज रजईंत तोंड खुपसून बोलणाऱ्या माणसासारखा निघाला. पुढील चार दिवसांत जें घडलें, त्यांत विद्यार्थ्यांनीं शिकण्यासारखें बरेंच आहे, आणि शिक्षकांनीं शिकण्यासारखें त्याहूनहि अधिक आहे. म्हणून तें येथें क्रमवार सांगतों.

१. आवाज वाटावा कां लागतो?

स्पीकर म्हणजे कागदाचा शंकू, आणि त्याच्या मुळाशीं चुंबकाच्या खोबणींत बसविलेलें तारेचें लहानसें वेटोळें. वेटोळ्यांतून प्रवाह जातांच तें पुढें-मागें हलतें, शंकूस हलवितें, व शंकू हवेस हलवितो. अमेरिकेंतील राइस व केलॉग या दोघांनीं १९२५ सालीं या रचनेचें वर्णन प्रसिद्ध केलें. आजचे बहुतेक स्पीकर त्याच धर्तीचे आहेत.

आतां तबलजीकडे पाहा. तो घुमारा आणि टणत्कार एकाच वाद्यांतून काढीत बसत नाहीं. घुमाऱ्यासाठीं मोठा डग्गा, टणत्कारासाठीं लहान तबला, अशी त्याची वांटणी ठरलेली असते. स्पीकरचेंहि तसेंच आहे. मनुष्याचा कान सेकंदास सुमारें २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकूं शकतो. मंद कंपनांसाठीं पुष्कळ हवा हलविणारा रुंद शंकू लागतो. त्यास वूफर म्हणतात. जलद कंपनांसाठीं हलका व चपळ पडदा लागतो. त्यास ट्वीटर म्हणतात. वूफरला जलद कंपनें दिलीं तर तीं त्याला पेलत नाहींत. ट्वीटरला मंद कंपनें जोरानें दिलीं तर त्याची केसासारखी तार जळून जाते. म्हणून ज्याचा वांटा त्यालाच मिळावा, अशी व्यवस्था करावी लागते. पाटाचें पाणी बारें फोडून दोन शेतांस द्यावें, तसें हें काम आहे. तें करणाऱ्या जोडणीस क्रॉसओव्हर म्हणतात.

ही वाटणी दोन वस्तू करितात. कॉईल जलद कंपनांस अडविते व मंद कंपनांस वाट देते. कपॅसिटर याच्या अगदीं उलट वागतो. आमच्या पेटींतील कॉईल ०.८५ मिलिहेन्रीची व कपॅसिटर ३.३ मायक्रोफॅरडचा होता. त्यांचा अडथळा पुढीलप्रमाणें पडतो:

सेकंदास ३०० कंपनें: कॉईल १.६ ओहम, कपॅसिटर १६० ओहम.
सेकंदास ३,००० कंपनें: कॉईल १६ ओहम, कपॅसिटर १६ ओहम.
सेकंदास १२,००० कंपनें: कॉईल ६४ ओहम, कपॅसिटर ४ ओहम.

म्हणजे ३,००० कंपनांपाशीं दोघांचें बळ समसमान आहे. तीच वाटणीची सीमा. वूफरच्या शाखेंत कॉईल वाटेंत बसवितात व कपॅसिटर वूफरच्या दोन टोकांस आडवा जोडतात. कॉईलला चुकवून कांहीं जलद कंपनें पुढें आलींच, तर कपॅसिटर त्यांस जवळची वाट देऊन परत लावतो. ट्वीटरच्या शाखेंत हेंच उलट करितात: कपॅसिटर वाटेंत आणि कॉईल आडवी.

मापें काढण्याची रीत सोपी आहे. स्पीकरचा रोध ८ ओहम व सीमा ३,००० कंपनें धरावी. रोधास π गुणिले कंपनसंख्या यानें भागलें कीं कॉईलचें माप हेन्रींत मिळतें. एकास ४π गुणिले कंपनसंख्या गुणिले रोध यानें भागलें कीं कपॅसिटरचें माप फॅरडमध्यें मिळतें. विद्यार्थ्यांनीं हा हिशेब एकदां स्वतः करून पाहावा. या मापांच्या वाटणीस लिंकविट्झ व रायली या दोन अभियंत्यांचीं नांवें मिळालीं आहेत. त्यांपैकीं लिंकविट्झ यांचा या विषयावरील निबंध १९७६ सालीं प्रसिद्ध झाला.

२. बांधणी

कॉईल मुलांनीं हातानेंच गुंडाळल्या. एक मिलिमीटर जाडीची, लाखेसारखा लेप असलेली तांब्याची तार घेतली. अडीच सेंटिमीटर रुंदीच्या लांकडी रिळावर, वेढ्यांची मध्यम त्रिज्या सुमारें अडीच सेंटिमीटर येईल अशा बेतानें, १४० च्या आसपास वेढे दिले. एका कॉईलला सुमारें २२ मीटर तार लागली. एकानें रीळ फिरवावें, दुसऱ्यानें तार ताणून धरावी, तिसऱ्यानें मोठ्यानें वेढे मोजावे, असा तो उद्योग दोन दिवस चालला होता. दोन कॉईल एकमेकींपासून दूर व काटकोनांत बसविल्या. कारण शेजारीं एका दिशेस ठेवल्या तर एकीचें चुंबकत्व दुसरींत शिरतें व वाटणी बिघडते.

कपॅसिटर आम्हींच सांगलीहून येतांना आणले होते. दोहोंचा आकार एकसारखा नव्हता, हें पाहतांच दिसत होतें. एकाची विद्युद्दाब सोसण्याची मर्यादा अधिक असेल, म्हणून आकारांत फरक असेल, असें आम्हीं मनाशीं म्हटलें, आणि डाग देण्याचें काम इयत्ता नववींतील एका विद्यार्थिनीकडे सोंपविलें. तिचा हात स्थिर आहे व तिची वही नीटनेटकी असते, म्हणून तिची निवड केली होती.

३. दोष व आरोप

त्या संध्याकाळीं पेटी वाजविली तेव्हां शब्द ऐकूं येत होते, पण त्यांची धार गेलेली होती. मुलांनीं परीक्षेसाठीं एक वाक्य रचलें होतें: "साताऱ्याच्या शाळेंत शंभर शेंगा सोलल्या." स व श यांचा सीत्कार बहुतेक ३,००० कंपनांच्या वर असतो. त्या वाक्यांतला तोच भाग नाहींसा झाला होता. ट्वीटरला कान लावला तर आंत फारच क्षीण कुजबुज ऐकूं येई.

आम्हीं पेटीची पाठ उघडली. पाहतों तों ट्वीटरच्या धन खुणेच्या टोकास काळी तार व ऋण टोकास तांबडी तार! आम्हांस वाटलें, दोष सांपडला. कांहीं न विचारतां आम्ही त्या मुलीस सर्वांदेखत म्हणालों, "तांबडी कोठें व काळी कोठें, एवढेंहि तुला समजलें नाहीं काय?" ती कांहीं बोलूं पाहत होती, परंतु आम्ही तोंवर डाग सोडवून तारांची अदलाबदल करूनहि टाकली होती. पेटी पुन्हा वाजविली. कांहींच फरक पडला नाहीं. तेव्हां आम्हीं दुसरा निकाल दिला: उलट्या जोडणीमुळें ट्वीटर जळाला असला पाहिजे. मुलें नव्या ट्वीटरसाठीं आपल्या खाऊचे पैसे गोळा करूं लागलीं. दुसऱ्या दिवशीं ती मुलगी विज्ञान-वर्गास आली नाहीं.

पुढें जाण्यापूर्वीं विद्यार्थ्यांनीं येथें थांबून विचार करावा. आम्हीं किती चुका केल्या? पहिली, मापन न करतां निकाल दिला. दुसरी, जिनें काम केलें तिला विचारलें नाहीं. तिसरी चूक सर्वांत सूक्ष्म आहे व तिचें फळ पुढें दिसेल: एक बदल केला, त्यानें कांहींच साधलें नाहीं, तरीहि तो बदल आम्हीं तसाच राहूं दिला.

४. परीक्षेचा क्रम

नवा ट्वीटर विकत घेण्यापूर्वीं जुना खरोखरच जळाला आहे काय, हें तरी पाहावें, असें एका विद्यार्थ्यानें सुचविलें. तेथून खऱ्या कामास आरंभ झाला. तो क्रम असा.

(अ) ओहमची परीक्षा. पेटीस ॲम्प्लिफायर जोडलेला नसतांना मल्टिमीटरनें ट्वीटरचीं दोन टोकें मोजलीं. रोध अर्ध्या ओहमइतकाच आला. "आंत तारेस तार लागली!" असें मुलें ओरडलीं. परंतु ट्वीटरला आडवी जोडलेली कॉईल आहे, हें तीं विसरलीं होतीं. २२ मीटर तारेचा रोध सुमारें अर्धा ओहमच असतो, आणि मीटर त्या कॉईलमधूनच मोजीत होता. म्हणून नियम हा, कीं कोणताहि भाग मोजावयाचा तर त्याचें एक टोक आधीं मोकळें करावें. एक टोक सोडविल्यावर ट्वीटर ६ ओहम दाखवूं लागला. ८ ओहमच्या स्पीकरचा रोध मल्टिमीटरवर बहुधा ६ च्या आसपासच येतो. ८ हा आंकडा आवाजाच्या कंपनांस होणाऱ्या विरोधाचा आहे. तर ट्वीटरची तार शाबूत होती. खाऊचे पैसे ज्याचे त्याला परत गेले.

(आ) स्पीकरऐवजीं रेझिस्टर. पुढील परीक्षेंत दोन्ही स्पीकर काढून त्यांच्या जागीं १० वॅटचे, ८ ओहमचे साधे रेझिस्टर बसविले. त्यायोगें महाग भागांस धोका राहत नाहीं, व मापन निश्चित होतें. येथें एक इशारा लक्षांत ठेवावा. शाखेचा स्पीकर काढून ती जागा रिकामी ठेवूं नये. तसें केलें तर कॉईल व कपॅसिटर हे दोघेच एकापाठोपाठ उरतात. ३,००० कंपनांपाशीं त्यांचे अडथळे परस्परांस खोडून टाकतात, आणि ॲम्प्लिफायरपुढें जवळजवळ नुसती तारच राहते. त्यानें ॲम्प्लिफायर जळूं शकतो. एकच शाखा तपासावयाची असेल तर दुसरी सबंध शाखा सोडवावी.

मोबाईलवर ठराविक कंपनांचा स्वर काढणारें साधन मिळतें. तो स्वर ॲम्प्लिफायरमधून देऊन आरंभाचा दाब २ व्होल्ट ठेविला. मग दोन रेझिस्टरांवरील दाब पुढीलप्रमाणें यावयास पाहिजे:

७५० कंपनें: वूफरकडे १.९ व्होल्ट, ट्वीटरकडे ०.१ व्होल्ट.
१,५०० कंपनें: वूफरकडे १.६, ट्वीटरकडे ०.४.
३,००० कंपनें: वूफरकडे १.०, ट्वीटरकडे १.०.
६,००० कंपनें: वूफरकडे ०.४, ट्वीटरकडे १.६.
१२,००० कंपनें: वूफरकडे ०.१, ट्वीटरकडे १.९.

दोन आंकड्यांची बेरीज प्रत्येक ओळींत २ येते, हें पाहा. एकाचा वांटा कमी होतो तितकाच दुसऱ्याचा वाढतो. हें या वाटणीचें सौंदर्य आहे. प्रत्यक्षांत कॉईलच्या तारेच्या रोधामुळें वूफरकडील आंकडे किंचित् कमी येतात. त्याची चिंता करूं नये. साधे मल्टिमीटर जलद कंपनांचा दाब बरोबर सांगत नाहींत. म्हणून प्रत्येक कंपनसंख्येस आधीं आरंभाचा दाब व मग शाखेचा दाब मोजावा, आणि दोहोंचें केवळ प्रमाण पाहावें. मीटर दोन्ही वेळीं सारखाच चुकत असेल तर प्रमाण खरें येतें.

आमच्या वूफरची शाखा ठीक निघाली. ट्वीटरच्या शाखेंत मात्र ३,००० कंपनांस १ व्होल्टाऐवजीं एक दशांश व्होल्टहि आला नाहीं. ६,००० कंपनांस १.६ च्या जागीं ०.२ आला. आतां दोष पेटीच्या एका कोपऱ्यांत कोंडला गेला होता. तो कॉईलमध्यें तरी असला पाहिजे किंवा कपॅसिटरमध्यें तरी.

(इ) मापाची परीक्षा. कॉईल काढून तिच्यापाठोपाठ १० ओहमचा रेझिस्टर जोडला, व स्वराची कंपनें वाढवीत नेलीं. ज्या ठिकाणीं कॉईलवरील व रेझिस्टरवरील दाब सारखा होतो, तेथें कॉईलचा अडथळा १० ओहम झाला असें समजावें. ०.८५ मिलिहेन्रीस ही जागा १,८७० कंपनांच्या सुमारास येते, आणि तेथेंच ती आली. १४० वेढे मोजणारा मुलगा त्या वेळीं फार खूष झाला. नंतर कपॅसिटर तसाच जोडला. ३.३ मायक्रोफॅरडचा असता तर दाब ४,८२० कंपनांच्या आसपास सारखे झाले असते. ते झाले नाहींत. १० ओहमच्या जागीं १०० ओहमचा रेझिस्टर ठेविल्यावर मात्र बरोबर त्याच कंपनांस सारखे झाले. म्हणजे कपॅसिटर अगदीं दहापट लहान होता.

मग भिंग घेऊन त्यावरील फिकट आंकडे वाचले. एकावर ३३५ होतें, दुसऱ्यावर ३३४. या खुणेंत पहिले दोन आंकडे मूळ संख्येचे व तिसरा आंकडा पुढें द्यावयाच्या शून्यांचा असतो, व माप पिकोफॅरडमध्यें असतें. ३३ वर पांच शून्यें म्हणजे ३.३ मायक्रोफॅरड, ३३ वर चार शून्यें म्हणजे ०.३३. आकारांतला जो फरक पाहून आम्हीं मनाची समजूत घातली होती, त्या फरकाचा अर्थ हा होता. कपॅसिटर आणणारे आम्हींच. त्या मुलीचा यांत कांहीं संबंध नव्हता.

५. दुसरा दोष

नवा कपॅसिटर बसविला. रेझिस्टरांवरील आंकडे कोष्टकाप्रमाणें आले. मोठ्या आनंदानें स्पीकर पुन्हा जोडले व तेंच वाक्य ऐकलें. शेंगांचा श परत आला होता. पण आवाज आतां वेगळ्याच रीतीनें बिघडला होता. माणूस रिकाम्या हंड्यांत बोलत असावा तसा तो पोकळ येई. ७०० कंपनांचा स्वर चांगला, १०,००० चा चांगला, पण ३,००० चा स्वर देतांच पेटी जणूं दबकून जाई. विशेष हें, कीं त्याच स्वरास एकटा वूफर स्पष्ट वाजे व एकटा ट्वीटरहि स्पष्ट वाजे. दोन्ही एकत्र आले कीं आवाज कमी!

त्या वेळीं एक मुलगा त्या विद्यार्थिनीची वही घेऊन आला. तींत तिनें नीट अक्षरांत लिहिलें होतें: "ट्वीटरच्या तारा उलट जोडावयाच्या, सरांच्या फळ्यावरील आकृतींत धन टोकास काळी तार आहे." ती आकृति आम्हींच तीन आठवड्यांपूर्वीं काढलेली होती. तिनें केलें तें बरोबर होतें. आम्हीं दुरुस्ती म्हणून केलें, तेंच चुकीचें होतें.

कारण असें. कॉईल व कपॅसिटर कंपनांस केवळ अडवीत नाहींत. ते त्यांचा वेळहि पुढें-मागें करितात. सीमेच्या कंपनांपाशीं वूफरच्या शाखेंतील लाट पाव फेरा मागें पडते व ट्वीटरच्या शाखेंतील पाव फेरा पुढें जाते. दोहोंमध्यें अर्ध्या फेऱ्याचें अंतर पडतें. शेजारच्या दोन झोक्यांपैकीं एक पुढें जात असतां दुसरा मागें येत असावा, तशी दोन शंकूंची गति होते. एक हवा ढकलतो त्याच क्षणीं दुसरा ओढतो, आणि दोहोंचें काम एकमेकांस खाऊन टाकतें. ट्वीटरच्या तारा उलट केल्या कीं त्याची गति उलटते, व दोन्ही शंकू बरोबर पुढें व बरोबर मागें जाऊं लागतात. साताऱ्याजवळ संगम माहुलीस वेण्णा कृष्णेस मिळते, तेव्हां दोन्ही प्रवाह एका दिशेस वाहूं लागतात म्हणूनच पुढें सांगलीपर्यंत पात्र मोठें होत जातें. वाटलेला आवाजहि हवेंत पुन्हा असाच मिळावा लागतो.

मग पहिल्या संध्याकाळीं तारा बदलल्यानें फरक कां पडला नाहीं? कारण तेव्हां दहापट लहान कपॅसिटरमुळें ट्वीटर जवळजवळ मुकाच होता. जो वाजतच नाहीं, तो उलटा वाजला काय नि सुलटा वाजला काय! पहिल्या दोषानें दुसरा दोष झांकून ठेविला होता. म्हणून दोष शोधणाऱ्यानें हें सूत्र पाठ करावें: एका वेळीं एकच बदल करावा, त्यानें सुधारणा झाली नाहीं तर तो बदल मागें घ्यावा, आणि केलेलें व मागें घेतलेलें सर्व वहींत लिहून ठेवावें.

ही परीक्षा घरींहि करतां येते. पेटी मोकळ्या मैदानांत उंच बाकावर ठेवावी, व एक मीटर अंतरावर, दोन स्पीकरांच्या मध्याच्या उंचीवर, मोबाईल ठेवावा. ३,००० कंपनांचा स्वर हळू आवाजांत द्यावा. लांबलेला मोठा स्वर ट्वीटरसहि घातक असतो व कानासहि. मोबाईलवरील ध्वनिमापकाचा आंकडा लिहावा. मग ट्वीटरच्या तारा बदलून पुन्हा लिहावा. ज्या जोडणींत स्वर खोल दबतो ती चुकीची, तिच्या उलट ती बरोबर. मापकाची उंची मात्र दोन्ही वेळीं तीच राहिली पाहिजे. या कंपनांची लाट हवेंत सुमारें साडेअकरा सेंटिमीटर लांब असते; एका स्पीकरचें अंतर दोन-तीन सेंटिमीटरांनीं बदललें तरी मेळ बदलतो. वूफरचा शंकू आंत खोल असतो, म्हणून पुस्तकांतल्या आकृतीवर विसंबून न राहतां ही परीक्षा प्रत्येक पेटीवर नव्यानें करावी.

आम्हीं त्या मुलीच्या घरीं निरोप पाठविला, व दुसऱ्या दिवशीं सर्व वर्गापुढें उभे राहून सांगितलें, "चूक आमची होती. कपॅसिटर आम्हीं चुकीचा आणला, आणि तुझें बरोबर काम आम्हीं बिघडविलें." तिनें मान खालीं घालून एवढेंच विचारलें, "सर, तारा आतां मीं जोडूं?" डाग तिनेंच दिला. ३,००० कंपनांचा स्वर या वेळीं खणखणीत वाजला.

६. तंबोऱ्याची कसोटी

पेटी सांगलीस गेली. तेथें शेवटची परीक्षा यंत्रावर न सोंपवितां कानावर सोंपविली. सांगलीपासून मिरज अगदीं जवळ. तेथील कारागिरांचे तंबोरे व सतारी देशभर नांवाजलेल्या आहेत. २०२४ सालीं त्यांस भौगोलिक मानांकन मिळालें. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खां यांचें वास्तव्य मिरजेसच होतें, व १९३७ सालीं त्यांच्या निधनानंतर त्यांचें स्मरण त्या गांवानें जपलें आहे. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें मिरजेस एका तंबोऱ्याचा नाद ध्वनिमुद्रित करून आणला होता. तोच आम्हीं पेटींतून वाजविला.

तंबोराच कां? त्याच्या घोडीवर तार टेकते तेथें सुताचा बारीक धागा सरकवून जवारी लावतात. त्यामुळें एका स्वरामागून त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा अनेक कंपनांची रांग झंकारत उठते. काळी एकचा षड्ज सेकंदास सुमारें १३९ कंपनांचा. त्याची बावीसपट ३,०५० च्या जवळ जाते, म्हणजे नेमकी आमच्या सीमेवर. षड्जाचें मूळ वूफरमध्यें व झंकार ट्वीटरमध्यें, अशी एकाच तारेची वाटणी होते. सीमेवर खळगा असेल तर तार वाजते, पण जवारी मरते. शिवाय मनुष्याचा कान ३,००० कंपनांच्या आसपासच फार तिखट असतो; तेथील उणीव लपत नाहीं.

त्या दिवशीं मुलांनीं मुद्दाम एकदां तारा उलट-सुलट करून दोन्ही प्रकार श्रोत्यांस ऐकविले. चुकीच्या जोडणींत तंबोरा भिंतीपलीकडे वाजत असल्यासारखा वाटला. बरोबर जोडणींत तो पुढ्यांत येऊन बसला. ज्या सांगलींत १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें, तेथील नटांनीं कोणत्याहि स्पीकरच्या मदतीवांचून आपला शब्द श्रोत्यांपर्यंत पोंचविला. आज तेंच काम यंत्राकडे दिलें आहे; तर यंत्रानें शब्दांतील एक अक्षरहि गिळूं नये, याची काळजी घेणें आपल्याकडे आलें.

७. समारोप

विद्यार्थ्यांनीं या सर्वांतून घेण्याचें थोडक्यांत असें. जोडण्यापूर्वीं प्रत्येक भाग मोजा. मोजण्यापूर्वीं त्याचें एक टोक मोकळें करा. शाखा रिकामी ठेवून स्वर देऊं नका. पेटी ज्या ॲम्प्लिफायरला जोडतां, त्याचें झांकण मात्र उघडूं नका. आंत घरच्या विजेचा प्राणघातक दाब असतो. एक दोष सांपडला म्हणून शोध संपला असें समजूं नका. आणि दोष भागांत शोधा. माणसांत शोधण्याची घाई करूं नका.

पालकांस एक विनंती आहे. घरांतील एखादें मूल पेचकस घेऊन जुनी पेटी उघडून बसलें, तर त्याला प्रथम रागें भरूं नका. तूं काय केलेंस, आधीं काय होतें, मग काय झालें, हें त्याला विचारा व वहींत लिहावयास लावा. उत्तर ऐकण्यास धीर लागतो. आम्हांस तो त्या संध्याकाळीं नव्हता, आणि त्यामुळें एक गुणी मुलगी दोन दिवस आमच्या वर्गास मुकली. ती परत आली, हें आमचें भाग्य. या वर्षीं विज्ञान-वर्गांतील परीक्षेची वही तिच्याकडेच सोंपविली आहे, आणि पेटी उघडण्यापूर्वीं आम्ही आतां ती वही आधीं वाचतों.